सातव्या भागातलं मुकं पान

४ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमच्या भिंती पातळ आहेत आणि तक्रार तुझ्या लाडक्या भाचीची आहे. तुझा भाऊ वेगळा राहायला गेल्यापासून मुंगीने माझ्याशी बोलणं टाकलंय. काहीही विचारा, उत्तर ‘हं’. रविवारी दुपारी मात्र दार लावून बापाशी तासभर फोन! मी बाहेर भांडी आपटत बसते.

उरलेला वेळ ती तू तुझ्या पुस्तकांच्या दुकानातून पाठवलेली मांगा, म्हणजे ती जपानी चित्रकथांची पुस्तकं, वाचते. शेवटी वैतागून मीच पहिला भाग उचलला. उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं हे सांगायला तुझं काय जात होतं? शेवट आधी वाचून बसले. गोष्ट काय, तर रिले शर्यतीत धावणाऱ्या शाळकरी मुली. डोळे बशीएवढे आणि दातांच्या जागी नुसती पांढरी पट्टी! मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते, एकेक सुळा घासून बसवते. मला ते बघवत नाही. त्या पट्टीने कुणी सफरचंद चावून दाखवावं.

पुढचे भाग पाठवू नकोस. माया मात्र पाठवत राहा.

तुझी वहिनी


११ जून

ती. वहिनीस,
शि. सा. न.

‘सौ.’ लिहावं की नाही या घोळात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतंच वहिनी.

पुस्तकं बंद होणार नाहीत. पोरगी निदान काहीतरी उघडून बघतेय. आणि एका भागावरून मत बनवू नकोस. दादालाही तू पहिल्या भेटीत नाकारलं होतंस.

दादा परवा भेटला. मुंगीशी दर रविवारी बोलतो म्हणाला. काय बोलता, असं विचारलं तर घड्याळाकडे बघायला लागला. तुम्हा तिघांपुढे मी हात टेकले! सोबत दोन ते सात भाग पाठवते. वाच आणि मला शिव्या घाल, पण उत्तर दे.

तुझीच,
वन्सं


२ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पहिल्या भेटीतलं माझं मत बरोबरच होतं, हे आधी लिहून ठेवते.

आता तुझी पुस्तकं. ही मुलगी तिसऱ्या भागात चढाला लागली, ती सहाव्यातही त्याच चढावर! मध्येच तिला लहानपण आठवतं, मध्येच वारा सुटतो, घामाच्या एका थेंबाला अख्खं पान. पुढे काय होतं या नादात मी लॅबमध्ये मेण जाळलं आणि मालकिणीची बोलणी खाल्ली. एवढं करून सातव्यात ही बया काय करते? दुसऱ्या शाळेची एक मुलगी पडते, तिला उचलायला थांबते आणि शर्यत घालवते! माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात पुस्तक आपटून मी ओरडले की पुढच्या वळणावर हिची मैत्रीण हात पुढे करून उभी आहे, आणि हिला इथे समाजसेवा सुचतेय!

तशी मुंगी खोलीतून तरातरा आली. म्हणाली, ती त्या मुलीसाठी थांबलीच नाही. तिचा स्वतःचा पाय केव्हाच गेला होता, पडलेली मुलगी म्हणजे आयतं निमित्त. म्हणाली, आई, तू फक्त अक्षरं वाचतेस. मग तिने पान काढून दाखवलं. त्यावर एक शब्द नाही. एक बूट, आणि टाचेशी रक्ताने काळा पडलेला मोजा. मी ते पान बघितलंच नव्हतं, सरळ उलटलं होतं.

मी हार मानते होय! मी म्हटलं, मग तसं मैत्रिणींना सांगायचं ना. त्यावरून आम्ही तासभर कडाकडा भांडलो. इतक्या दिवसांनी पोरीचा आवाज ऐकून मला बरं वाटत होतं आणि रागही येत होता. शेवटी ती म्हणाली, सांगितलं की ते खरं होऊन बसतं. आणि मग एकदम म्हणाली की बाबाचा फोन येत नाही. गेल्यापासून एकदाही आला नाही. दार लावून ती नुसती फोनसमोर बसलेली असते. मला कळलं तर मी त्याला फाडून खाईन आणि मग तो कधीच करणार नाही, असं तिला वाटत होतं. तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल, म्हणून ‘हं’.

जवळ घ्यायला गेले तर म्हणाली, पुस्तक चुरगळेल. पुस्तकासकट घेतलं.

तुझ्या भावाला मी फोन करणार नाही. खरंच फाडून खाईन. तू बघ.

तुझी वहिनी


८ जुलै

ती. वहिनीस,
शि. सा. न.

पत्र वाचून तशीच त्याच्याकडे गेले. एक खोली, खिडकीत वाळत टाकलेला एकच टॉवेल, खुर्चीवर बिनइस्त्रीच्या शर्टांचा ढीग. आधी थापा मारल्या, मग खाली बसला. पहिल्या रविवारी काय बोलावं सुचलं नाही म्हणे, दुसऱ्या रविवारी लाज वाटली, आणि मग दर रविवार आधीच्यापेक्षा जड होत गेला. माझ्याकडून निरोप पाठवायला निघाला होता. मी म्हटलं, मी पोस्टमन नाही. सुचत नसेल तर ‘सुचत नाही’ एवढं तरी तिला सांग. मग रडला. मला दया आली, पण दाखवली नाही.

शनिवारी येतो म्हणालाय. मोठा भाऊ असला तरी, नाही आला तर कान धरून आणीन.

मुंगीला पापा, तुला नमस्कार.

तुझीच,
वन्सं


१४ जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आला होता. दारातच ‘मला काय बोलावं सुचत नाही’ म्हणाला. मुंगीने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि स्पष्ट सांगितलं की फोन करणार नसशील तर आत्ताच सांग, मी रविवारी पोहायला जाईन. तुझ्यासाठी दुपार अडवून बसणार नाही. मी गॅलरीत उभी राहून कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घातलं. तो करीन म्हणाला. तिने त्याचा रिकामा पेला उचलून आत नेला.

काल रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मॅडम पोहायला गेल्या होत्या. मलाच उचलावा लागला. किती दिवसांनी त्याचा आवाज कानावर पडला, आणि मला बोलायचं होतं त्यातलं एक अक्षर बोलले नाही. सांगितलं, ती संध्याकाळी असेल, तेव्हा कर.

संध्याकाळी त्याने केला. तिच्या खोलीचं दार उघडं होतं.

तुझी वहिनी