शिंप्याचे दोष

४ जून, सकाळ
नातीच्या शाळेने मोबाईलवर नवा वर्ग काढला आहे. वस्तीतील कारागिरांनी आपली विद्या व्हिडिओवर शिकवावी, मुलांनी घरी करून पाहावी. कल्पना उत्तम. परंतु पहिला मान समोरच्या शिंप्याला! जन्मभर सुतारकाम केलेला, आमच्या वेळची चौथी उत्तीर्ण झालेला मनुष्य घरात बसलेला असताना! सूनबाई म्हणाली, त्यांनी नाव दिले, तुम्ही दिले नाही. मान का मागून घ्यायचा असतो?

५ जून
नात त्याला 'टेलरसर' म्हणते. सर! मी आपला नुसता आबा.

७ जून, दुपार
निश्चय : शिंप्याचे सर्व धडे पाहून दोष काढणे. बटणाचा धडा तीनदा पाहिला. सुई नीट धरतो. हसतो मात्र फार. गुरूला शोभत नाही. आपल्या कामाचा फोटो पाठविल्याशिवाय पुढील धडा उघडत नाही. नाइलाजाने सदऱ्याला बटण लावले. केवळ तपासणीसाठी.

११ जून
रंध्यावर माझा व्हिडिओ केला. मोबाईल नातीने धरला. मर्यादा पाच मिनिटे. प्रस्तावना सविस्तर केली. रंधा उचलला आणि वेळ संपली. वर्गाच्या बाईंचा फोन : "आजोबा, रंधा चालवणार कधी?" या पिढीला प्रस्तावनेची कदर नाही. नात म्हणते, टेलरसर बोलता बोलता शिवतात. जेवण गेले नाही.

१८ जून
तुरपाई, रफू, खिसा. सर्व धडे तपासून झाले. आढळलेले दोष : हसणे. शोध चालू ठेवला असता, पण धडेच संपले.

२७ जून
शाळेचा निरोप : शनिवारी आपला सत्कार आहे, अवश्य यावे. अखेर प्रस्तावना कोणाला तरी कळली! कोट काढला. जिन्यात शिंप्याला मुद्दाम सांगितले. म्हणाला, "माहीत आहे की! तुमचं नाव मीच सुचवलं." जळणारा मनुष्य अशीच सारवासारव करतो.

२९ जून, सायंकाळ
सत्कार झाला. पडद्यावर माझे बटण, माझी तुरपाई, माझे रफू, भिंतीएवढे. शिवणकामाचे सर्व धडे पूर्ण करणारा एकमेव विद्यार्थी मी. प्रमाणपत्रावर नातीच्या वर्गाप्रमाणे 'इयत्ता चौथी' असे छापलेले. नात बाकावर उभी राहून ओरडत होती, "माझे आबा आहेत ते!"

प्रमाणपत्र शिंप्याने दिले. म्हणाला, इतक्या मनापासून शिकणारा मला आजवर भेटला नव्हता.

"आभारी आहे, सर," असे माझ्या तोंडून गेले.

माईक चालू होता.