उसना हात

सान लुईस, ९ मार्च

लाडक्या ओदालिसला,

तुझ्या बापाच्या शेजारच्या पाटावर एक्केचाळीस वर्षं सिगार वळणाऱ्या बाल्दो काकाचे पोटभर आशीर्वाद. सान्तियागोत तू आणि पोरी सुखरूप असाल. इकडे तंबाखूची तोडणी उरकली, कोंबडीने अकरा पिल्लं काढली. तुझ्या बापाने, फेर्मीनने, काल डॉमिनोत मला दोनदा लोळवलं. म्हटलं, "लेका, तुझा डावा हात उजव्यापेक्षा लबाड निघाला!" हसला. लकव्यापासून तोंड अजून एकाच बाजूने हसतं.

तू दर पत्रात विचारतेस, "बाबा हातमोजा घालतात ना?" मी दर पत्रात लिहितो, "घालतो."

थांब, आधी दुसरं सांगतो. आम्ही वळत असताना आम्हाला वाचून दाखवणारी मिर्ता तुला आठवते ना? माझी सगळी शाळा म्हणजे तिचा आवाज. फेर्मीनला व्यायाम देणाऱ्या बाईंनी मला एक पुस्तक दिलं होतं, ते मी मिर्ताला वाचायला लावलं. त्यात होतं, मेंदूत प्रत्येक बोटाचा आपला वाफा असतो. हात हजारदा तेच करतो तेव्हा तो वाफा कसला जातो. मग डोकं दुसरीकडे असलं तरी बोटं पान बरोबर ताणतात. आणि वाफा पडीक राहिला, की शेजारचा बांध कोरतो.

वाचन आवडलं की आम्ही पान कापायचं पातं पाटावर ठोकतो. सगळ्यांनी ठोकलं. माझं पातं हातातच राहिलं.

पोरी, हातमोजा त्याने एकच दिवस घातला.

तू चांगल्या हातासाठी जाड कापडाचा शिवून गेलीस, रोज सहा तास घालायचा, म्हणजे लुळ्या हातावर काम पडेल. पहिल्याच जेवणाला चमचा तीनदा पडला. घेवड्याची आमटी सदऱ्यावर. तो रडला. "बाल्दो, हात दे."

आमच्या बाकावर हे शब्द कुणी टाळत नाही. कुणाचं बोट कापलं, तर शेजारी त्याच्या वाटचं वळतो आणि परत कधी बोलून दाखवत नाही. तुझी आई गेली तेव्हा महिनाभर मी त्याचं वळलं. मग त्या दिवशी कसा नाही म्हणू? हातमोजा काढला, भरवलं. म्हटलं, उद्यापासून. त्या उद्याला सात महिने झाले. गुंडी मी लावली, भांग मी पाडला, नाकावरची माशीसुद्धा मी हाकलली. आणि बाई विचारायच्या तेव्हा सांगायचो, "सहा तास, पुरते!"

गेल्या आठवड्यात त्यांनी हात दाबून पाहिला. म्हणाल्या, "एवढं करूनही काही नाही, म्हणजे आता आशा धरू नका." उरलेले व्यायामही बंद केले.

परतताना फेर्मीन म्हणाला, "बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

"माझी जीभ अर्धी आहे, बाल्दो. तुझी तर पुरी होती."

काल जाऊन खरं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, सुरुवातीचे महिने मोलाचे होते, ते गेले. आता फार तर मनगट हलेल, एखादं बोट. पान वळणं विसरा.

मी तुझ्या बापाचा हात खाल्ला, ओदालिस. मायेने खाल्ला, पण खाल्लाच.

आज दुपारी त्याने ट्रंकेतून तो हातमोजा काढला आणि दातांनी ओढून डाव्या हातावर चढवला. आता समोर ताट घेऊन बसलाय. उजवा हात ताटाशेजारी मेलेल्या मासळीसारखा पडलाय. भात निवला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "हात देऊ नकोस."

म्हणून हे पत्र लिहीत होतो, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून. आता कागद संपला. दोन्ही हात मांडीखाली दाबून त्याच्यासमोर बसतो.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू ये, आणि तोंडावर बोल.

नको तिथे हात दिलेला,
तुझा बाल्दो काका