धुऱ्याखालचं माणूस

माय,

यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या धामणगावच्या वावरात शेततळं खोदायला घेतलं. खोदायचं मशीन माझंच. मलकापूरला आता माझी अशी चार उभी असतात, तुला पाहून हसू आलं असतं. बांधाच्या कडेला, धुऱ्याजवळ बकेट खाली गेलं आणि खापरांसोबत एक कवटी वर आली. ऑपरेटर उडी टाकून पळाला. मी तिथेच मातीत बसलो. ती कवटी मी आधी पाहिली होती, तुझ्या पदरात.

याच धुऱ्याजवळ तूर निंदताना तुला ती सापडली होती. "कोनाचं तरी लेकरूच असन थे," म्हणत तू पदरानं तिची माती पुसलीस आणि होती तिथेच पुन्हा पुरलीस. त्याच हिवाळ्यात तुला खोकला लागला. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला, गोळ्या मिळाल्या, तोंडावर फडकं ठेवा, जरा अंतर ठेवा म्हणाले. पण घरात चालायचं आत्याचं. "मढ्याले हात लावला इनं, आता साऱ्या घराले खाईन!" तेव्हापासून तो आजार तुझा गुन्हा ठरला. गोळ्या संपल्या, पुन्हा आणायला कोणी गेलं नाही. गुरांच्या कोठ्यात तुझी बाज, तुझी जर्मनची थाळी वेगळी. मी सोळा वर्षांचा. मलाही आत्याचंच खरं वाटायचं.

तालुक्याला कळवलं, खापरं फार जुनी निघाली, तर पुण्याहून एक संशोधक पोरगी आली. अंगात पांढरा डगला, हातात मोज्यांचे दोन-दोन जोड, तोंडाला मास्क. मी म्हटलं, "काऊन मॅडम, तुमालेबी भेव लागते काय?"

ती हसली. "नाही हो काका, यांना माझ्यापासून जपतेय. माझी थुंकी उडाली तर तपासणीत यांच्याऐवजी मीच सापडेन."

तिनं कवटीखालचा सांगाडा मोकळा केला; मणके वाकलेले होते, टीबीही असू शकेल म्हणाली. रोगाचे जंतू रक्तातून दातात उतरतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे तिथे कधीकधी टिकून राहतात, म्हणून एक दात घेतला. इतकी वर्षं पोटात असलेलं मी मग विचारलंच. "या हाडाले हात लावला तं टीबी होते काय?"

"यातून? छे! जंतू कधीच मेलेत. आपल्या तापलेल्या जमिनीत त्यांचा डीएनए मिळाला तरी नशीब. प्रथिनं जरा चिवट असतात, ती बघू."

मी हो हो म्हणत विहिरीकडे गेलो आणि उगाच मोटर चालू-बंद करत राहिलो.

परवा तिचा फोन आला. डीएनए उरला नव्हता, रोगाचं काहीच सांगता येत नाही. दातावरच्या किटणात मात्र दुधाची प्रथिनं सापडली. दूध प्यायचं माय ते माणूस. तू लेकरू म्हणालीस, त्याच्याबद्दल कळलं ते एवढंच.

आत्या तर कधीच गेली, आता कोणाशी भांडू? अंतर ठेवायला दवाखान्यानंही सांगितलं होतं. दोष लावायला कोणी सांगितलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. शेवटच्या दुपारी तू कोठ्यातून तीनदा पाणी मागितलंस. आत्यानं ओसरीवरून विचारलं, "काही म्हनते काय रे थे?" मी बैलाची वेसण वळत होतो. म्हणालो, "नाई."

माय, मले आयकू आलं होतं.