आईच्या खोलीची भिंत

कौनास, १२ ऑक्टोबर

प्रिय दाइवाताई,

तुला नमस्कार, उग्नेला गोड पापा. बर्गेनला थंडी पडली असेल. इथले रेडिएटर अजून गार आहेत. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

तुझं पत्र पोचलं. मासळीच्या कारखान्यातली नोकरी सोडून तू लेकीला घेऊन कायमची परत येतेस, दोन नोव्हेंबरच्या पितरांच्या दिवसाआधी पोचशील, हे वाचून बरं वाटलं. तू विचारलंस, तळघरातली आईची खोली कोरडी आहे ना, उग्नेची खाट तिथे लावायची ना. या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर मी चारदा लिहून फाडलं.

छपराच्या पन्हळीतला पाला काढला आहे. तिचं पाणी आता भिंतीपासून तीन मीटर लांब पडतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आहे.

आईच्या साठीला मी तिची खोली 'युरो', म्हणजे युरोपियन थाटाची करून दिली, ते तुला आठवत असेल. गल्लीत सगळ्यांनीच तशा गुळगुळीत पांढऱ्या भिंती करून घेतल्या होत्या. बाबा दर वसंतात विटांना चुना द्यायचे, ते मला गावंढळ वाटायचं. मी विटांवर थर्माकोल लावला, त्यावर जिप्समचे बोर्ड, वर वॉलपेपर. सांध्यात नख शिरत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या प्रानुते आजी बघायला आल्या.

"काय मास्तर, गवंडीकामाची शाळा अर्ध्यात सोडलीस, त्यात हाच धडा राहिला वाटतं! ओल बाहेरून येते आणि तू आतून झाकण लावतोस? बाहेर खण, डांबर लाव."

"आजी, तुमच्या भिंतीचे पापुद्रे पडतायत, ते आधी बघा."

आई खूप हसली होती.

या मार्चमध्ये ती गेली, तेव्हा फोनवर मी तुला फ्लू म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "घरात बुरशी आहे का?" मी म्हणालो, "नाही. भिंती नव्या आहेत."

गेल्या शनिवारी उग्नेच्या खाटेसाठी आईचा पलंग सरकवला. उशाशी वॉलपेपरचा एक तुकडा वरून डकवलेला होता. कडा वाकड्या होत्या, म्हणजे माझं काम नव्हे. तो उचकटला, तर खाली काळा डाग. बोर्ड कापला. थर्माकोलमागे विटांवरून पाणी ओघळत होतं आणि बोर्डाची आतली बाजू काळ्या लवेनं भरली होती. ताई, आई तीन वर्षं त्याला डोकं लावून झोपली.

मी वर गेलो. तो तुकडा आईनंच डकवला होता, हे प्रानुते आजींना माहीत होतं.

"मी सांगितलं होतं तिला, पोराच्या कानावर घाल म्हणून. तर म्हणाली, 'नको गं. पंधरा दिवस गुडघ्यांवर बसून केलंय त्यानं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंय.'"

मी खाली आलो आणि दुसरा बोर्ड कापायला घेतला.

कापडगिरणीत राबून तिची फुप्फुसं आधीच कमजोर झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. मला त्याआड लपायचं नाही.

आता सगळे बोर्ड काढले आहेत. बाहेरून भिंतीलगत खणतो आहे, दीड मीटर झालं. डांबर लावीन, तळाशी खडी आणि पाणी वाहून नेणारा पाइप घालीन. तरी विटा वाळायला पुढचा उन्हाळा उजाडेल. उग्नेला त्या खोलीत एक दिवसही झोपवू नकोस. प्रानुते आजींनी त्यांची उन्हाकडची खोली देऊ केली आहे.

मी बसस्टँडवर येईन. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. सामान फक्त माझ्याकडे दे, मी मागून चालत येईन.

खाली 'तुझा भाऊ' लिहिलं होतं, ते खोडलं. ते परत लिहायचं की नाही, हे तू सांगशील.

विगांतास