फ्लॉसीच्या लग्नाची गाडी

पापडी,
१९ नोव्हेंबर १९८१

प्रिय ॲन्सेल्म,

देवाच्या कृपेने आम्ही इथे आहोत. सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते लिहायला हात धजत नाही.

तू बहारीनहून पास्कलबरोबर पाठवलेले रुंद टायर पोचले. पास्कल सुट्टीवर आला तो ते खांद्यावर घेऊनच अंगणात उभा राहिला, म्हणाला, आन्टी, तुझ्या सुनेऐवजी हेच आणलेत. तुझ्या पप्पांनी त्याच संध्याकाळी जुने टायर उतरवले. ही दोन सीटांची उघडी विलायती गाडी त्यांनी कामावरच्या साहेबाच्या गॅरेजातून भंगाराच्या भावात आणली, तेव्हा मी किती बोलले होते ते तुला आठवत असेल. पै-पैचा हिशेब लिहिणारी बाई मी, मला त्या गाडीत फक्त पेट्रोल दिसायचं. पण तिच्यावर हात फिरवताना त्यांचा चेहरा बघून मी गप्प बसायला शिकले.

नवे टायर जुन्या रिमवर बसेनात, म्हणून रिमा रुंद करून आणल्या. मग टायर मडगार्डला घासायला लागले. पप्पांनी मडगार्डची कड हातोडीने आत वळवली. तरी स्टिअरिंगचं हँडल पूर्ण फिरवलं की घासतंच, रबराचा जळका वास घरात येतो. पाचूबंदरची रंभा बोंबील घेऊन आली होती, ती टोपली न उतरवताच म्हणाली, गाडीला म्हशीचं पाय लावलं काय गो कार्मिनबाय, पान्यात सोडनार हाय? पप्पासुद्धा हसले. मला मात्र हसू आलं नाही.

तू पत्रात विचारलंस, गाडीची थरथर थांबली का. त्यांनी तुला लिहिलं होतं ना, पुढची चाकं डळमळतात, हँडल हातात राहत नाही. त्याआधी त्यांनी बुश बदलले, सगळे जॉइंट बदलले, चाकं दोनदा बॅलन्स करून आणली. बोरीवलीचा मिस्त्री म्हणाला, अंकल, गाडीत काही नाही. त्याला काय कळतंय, असं म्हणून पप्पा घरी आले. तू मुलगा, तू विश्वास ठेवलास आणि टायर पाठवलेस. तुझं काही चुकलं नाही.

ॲन्सेल्म, रात्रीच्या रोझरीला पप्पा, फ्लॉसी आणि मी घरच्या आल्तारासमोर माळ घेऊन बसतो. माझे डोळे मिटलेले असतात आणि मणी एकमेकांवर आपटल्याचा आवाज ऐकू येतो, बारीक, सारखा. पप्पा एकच मणी धरून बसलेले असतात. चहा आता बशीत ओतत नाहीत, कपानेच पितात, तोही अर्धा भरलेला मागतात. उजवा हात खिशात ठेवून चालतात. दाढी करायला न्हाव्याकडे जातात, घरी करायला वेळ नाही म्हणतात. डॉक्टरचं नाव काढलं की उठून गाडीखाली जाऊन झोपतात.

नव्या टायरांनी हँडल इतकं जड झालंय की सावकाश चालताना दोन्ही हातांनी ओढावं लागतं. बरं झालं जड झालं, आता हालत नाही, असं म्हणाले. त्यांना तेच हवं होतं हे तेव्हा मला कळलं. परवा ते पास्कलला शेजारी बसवून देवळापर्यंत जाऊन येत होते. बावखलाच्या तळ्याकाठच्या वळणावर हँडल फिरलंच नाही, टायर घासून अडला आणि पुढचं चाक पाण्याच्या काठावरून खाली लोंबलं. पास्कलने हँडब्रेक ओढला. घरी येऊन तो म्हणाला, आन्टी, आम्ही मासे मोजायला उतरत होतो. पण पाणी मागितलं आणि दोन ग्लास प्यायला.

मी चावी आल्तारावरच्या कापडाखाली लपवली. ते दुपारभर त्या बंद गाडीत नुसते बसून राहिले. संध्याकाळी मीच चावी नेऊन दिली. तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, गाडीच थरथरते, कार्मिन, मी नाही. ते सांगत नव्हते रे, विचारत होते. मी हो म्हटलं. आता मला उलट बोलता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची हँडलं सरळ केली त्या माणसाला मी कसं सांगू?

नाताळ झाला की फ्लॉसीचं लग्न. तिला देवळात याच गाडीतून नेणार, मीच चालवणार, असं त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. पुढे बँडवाले चालणार, त्यांच्यामागे नाचणारी गावची पोरं, आणि त्यांच्या पाठीला लागून ही गाडी. रस्ता बावखलावरूनच आहे. फ्लॉसीला सांगितलं तर ती गाडीत बसणार नाही, आणि का बसली नाही ते पप्पांना तिच्या तोंडावर दिसेल. फादरना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना करा. नऊ दिवसांची नोव्हेना चालूच आहे, पण मला वाटतं देव या कामाला तुलाच पाठवतोय.

म्हणून हे लिहिते. पत्र मिळताच त्यांच्या नावाने लिही. लिही, की टायर पाठवण्यात तुझी चूक झाली, ते या गाडीचे नव्हेत, तिथल्या जाणत्या माणसाने धोका सांगितलाय, आणि तू येऊन स्वतः बदलेपर्यंत गाडी जागेवरून हलवू नका. लग्नाला दुसरी गाडी सांगा, असंही तूच लिही. दोष टायरचा, तुझा, गाडीचा, कुणाचाही असू दे. त्यांच्या हाताचं नाव त्यात नको. हे खोटं आहे ते मला कळतं. कन्फेशनला मी जाईन, तू नको जाऊस. आणि अक्षर मोठं काढ, वाक्यं सोपी ठेव. तुझी पत्रं हल्ली मीच वाचून दाखवते, विमानाच्या टपालाचा कागद पातळ, हातात हालतो म्हणतात. वाचताना मी कुठे अडखळता कामा नये.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
तुझीच,
आई