कमरेचा चष्मा

आबा, तुमची ती चामड्याची खोळ माझ्याकडे आहे. रिव्हॉल्व्हर तुमच्या मागे पोलीस ठाण्यात जमा झालं, पण खोळ कुणी मागितली नाही. आईने ती तुमच्या स्वेटरात गुंडाळून माझ्या बॅगेत घातली, आणि इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या या घरात ती इतकी वर्षं कपाटाच्या वरच्या फळीवर पडून होती. होती म्हणतो, कारण आता ती तिथं नाही.

गायरानाच्या खटल्यात तुम्ही गावातल्या बड्या लोकांविरुद्ध साक्ष दिलीत, दोनदा मार खाल्लात, आणि मग कुठे तुम्हाला परवाना मिळाला. तेव्हापासूनच्या सकाळी मला पाठ आहेत. बुद्धवंदना व्हायची, पंचशील व्हायचं, मग तुम्ही सदरा वर करून खोळ कमरेला बांधायचात आणि शाळेत शिकवायला निघायचात. उजवा हात सारखा कमरेशी. मला वाटायचं, तुमचं पोट दुखतंय. मी आईला ओवा द्यायला सांगायचो आणि तुम्ही तो मुकाट्याने चावायचात. जरा मोठा झाल्यावर मी विचारलं, जीव घ्यायचा नाही असं रोज म्हणता, मग हे कशाला? तुम्ही चिडला नाहीत. "मारायला नाही रे," म्हणालात. "माझ्या अंगावर हात टाकायच्या आधी त्यांनी एकदा विचार करावा, एवढ्यासाठी."

निवडणुका लागल्या की परवान्याची सगळी हत्यारं ठाण्यात जमा करावी लागायची. बड्या लोकांचीही व्हायची, पण त्यांच्याकडे माणसं होती. तुमच्याकडे आई आणि मी. त्या दिवसांत तुम्ही खोळीत चष्म्याचा पत्र्याचा डबा घालायचात, चष्म्यासकट. सदरा तेवढाच फुगायचा. चष्मा काढला की बिंग फुटणार, म्हणून बाजारात माझा हात धरून दुकानांच्या पाट्या मला वाचायला लावायचात, एसटीचे बोर्ड वाचायला लावायचात. मी आपला खूश, आबा मला शिकवतायत. माझं वाचन त्या निवडणुकांनी पक्कं केलं. खरं काय ते आईने पुढे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

आता हसू येत नाही. इथं कुणी मला जातीवरून ओळखत नाही या आनंदात मी बरीच वर्षं काढली. कॉम्प्युटरची नोकरी, शाळेत जाणारी लेक, घरामागे वाफाभर मेथी. मग लंडनच्या ट्रेनमध्ये बॉम्ब फुटले आणि माझ्यासारख्या चेहऱ्यांकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर अंडरपासमध्ये चार-पाच पोरांनी आम्हाला अडवलं. लेक बरोबर होती. एकाने मला थोबाडीत मारली, दुसऱ्याने मोबाइलवर त्याची फिल्म काढली. पाकीट मागितलं नाही, काहीच मागितलं नाही. हसले आणि गेले. ती फिल्म लेकीच्या शाळेत या फोनवरून त्या फोनवर फिरली. बापाच्या तोंडात बसलेली चपराक सगळ्या वर्गाने पाहिली आणि लेक तिथंच बसून राहिली, आबा. ती पोरं अजूनही तिथं उभी असतात. परवा एकाने तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, पुढची पाळी तुझी.

घरी आलेली पोलीस बाई चांगली होती. तिने चहा घेतला, सगळं लिहून घेतलं. मी विचारलं, स्वतःच्या रक्षणासाठी मी कायद्याने काय बाळगू शकतो? "नथिंग, आय अॅम अफ्रेड, सर." अफ्रेड ती म्हणत होती, घाबरलो मी होतो. बटण दाबलं की किंचाळणारं एक यंत्र मिळतं, तेवढं चालेल म्हणाली. इथं तुमच्यासारखा परवाना मागायचीही सोय नाही, मागणाराच वेडा ठरतो. मग मी न मागता मिळवायचं ठरवलं. जवळच्या रीडिंग शहरातला एक माणूस रिव्हॉल्व्हर मिळवून देतो असं कानावर आलं होतं. शनिवारी ये, म्हणाला. सापडलो तर वर्षानुवर्षं आत, नोकरी जाणार, लेक उघड्यावर. सगळं ठाऊक असून काल निघालो. येताना भरून आणायची म्हणून तुमची खोळ कमरेला बांधली, आणि जाताना रिकामी नको म्हणून तिच्यात माझा चष्मा डब्यासकट घातला. वरून जॅकेट.

ट्रेनमध्ये समोर एक बाई होती, बाबागाडीत बाळ. माझा हात आपसूक कमरेशी. तिची नजर जॅकेटच्या फुगवट्यावर गेली, मग माझ्या तोंडावर. तिने बाळाचा पट्टा सोडला, बाळ छातीशी धरलं आणि बाबागाडी तिथंच टाकून ती पुढच्या डब्यात गेली. तुम्हाला हवा होता तसा तिने एकदा विचार केला होता. तुम्हाला बघून त्या लोकांच्या तोंडावर काय यायचं ते मला माहीत नाही. हिच्या तोंडावर जे आलं ते मी अंडरपासमध्ये माझ्या लेकीच्या तोंडावर पाहिलं होतं. मी मधेच वोकिंगहॅमला उतरलो आणि परतीच्या गाडीत बसलो. तोच चष्मा खिशात असता तर कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

दार लेकीने उघडलं. माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुमचा पोट दुखतो का? यू कीप होल्डिंग इट." मी म्हटलं, हो, जरा. ती गेली आणि हॉट वॉटर बॉटल भरून घेऊन आली. मी ती दुसऱ्या बाजूला धरून बसलो. आबा, तो ओवा चावताना तुम्हाला काय वाटत असेल?

उद्या सोमवार. अंडरपास तिथंच आहे, पोरं तिथंच आहेत. मी काय करू, सांगा ना. त्या माणसाचा नंबर मी अजून फाडलेला नाही, आणि पुढच्या शनिवारीही वोकिंगहॅमला उतरेन असं छातीठोक सांगवत नाही. हे सगळं स्वयंपाकघरात बसून लिहितोय, दिवसाढवळ्या, दार आतून लावून. ओळी एकमेकींवर चढल्यात, काय लिहिलंय ते मलाच वाचता येत नाही. लेकीला वाच म्हणावं तर तिला आपली अक्षरं येत नाहीत, तिला पाट्या वाचायला लावायचं राहूनच गेलं. चष्मा हरवलेला नाही, आबा. कमरेला आहे. घरात बसूनही सोडवत नाही.