सगळीच चूक

४ नोव्हेंबर, मंगळवार

गेलो! शंकर नगरला, तिच्याच घरी. शिकवायला!

कुसुमकाकूंचा आईला फोन आला होता. "तुमचा प्रशिक आमच्या अपर्णाच्या वर्गात होता ना, गणितात हुशार? आमच्या गंधालीला शिकवेल का?" गंधाली म्हणजे अपर्णाच्या मोठ्या भावाची मुलगी. सातवीत. अपूर्णांक, दशांश, टक्केवारी — तिन्हीत भोपळा. आईनं मला विचारलंसुद्धा नाही. "हव, हव, येईन ना तो!" म्हणून मोकळी झाली. वर मलाच सुनावलं, "घरी पडून पडून छत पाहून राहिला. जाय जरा."

दार अपर्णानं उघडलं. वर्षभरानंतर समोरासमोर. "ये," म्हणाली अन् आत गेली. बस.

परत येताना स्कूटी दोनदा बंद पडली. मला पत्ताच नाही, मी गाणं म्हणून राहिलो होतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोरगी नखं खाते. मराठी सगळी समजते, पण या हिंदी मुलखातल्या पोरांसारखं उत्तर हिंदीतच देते. मी विचारलं, "तीन छेद चार म्हणजे किती?" ती म्हणे, "थ्री बाय फोर?" आतून काकू ओरडल्या, "अगं, पाऊण म्हण ना बाई!" "दादी, ये पाऊण क्या होता है?" काकूंनी कपाळावर हात मारला असणार. आवाज आला.

अर्धा अधिक एकतृतीयांश — तिनं लिहिलं दोन छेद पाच. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या. एक अर्धी दुमडली, दुसरीचे पाच भाग करून दोन रंगवले. "बघ, अर्ध्यात तू आणखी काही टाकलं, अन् आलं अर्ध्याहून कमी. असं होते का?" ती पट्ट्यांकडे कितीतरी वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "पता नहीं, भैया."

मला बरंच वाटलं! हळू शिकेल तितकी बरी. अपर्णा हॉलमधून एकदा गेली, चार्जर घ्यायला.

७ नोव्हेंबर

आज शिकवणी नव्हती. दिवस सरलाच नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज भार्गवभैया घरी होते. अपर्णाचे भाऊ, गंधालीचे वडील. वही उघडली, लाल गोळेच गोळे पाहिले अन् भडकले. "हजारदा सांगितलं, छमाही परीक्षेत गणितात फेल झाली ना, तर सरळ नागपूरला धाडतो हिला, हिच्या आईकडे! मास्तरीण आहे ना ती? शिकवू दे तिलाच!"

वहिनी दोन वर्षांपासून नागपुरात राहतात, वेगळ्या. त्यांचं नाव या घरात असंच निघतं — शिव्या द्यायला. गंधालीशी त्यांचा फोन रविवारी. तोही हॉलमध्ये, स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

मग भैया माझ्याकडे वळले. "आणि तू हिला पास करून दाखवलंस, तर दहावीपर्यंत तूच शिकव. शब्द देतो."

दहावीपर्यंत! म्हणजे तीन वर्षं या घराचं दार उघडं. अन् फेल झाली तर पुढच्या महिन्यातच बंद. मी म्हणालो, "पास होईल, भैया. माझी जिम्मेदारी."

हळूबिळू काही नाही आता. तुफान शिकवतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मालधक्क्याच्या बाजूला जाऊन बसलो. पोती उतरत होती, हमाल एकमेकांची थट्टा करून राहिले होते. मी एकटाच मोबाइल धरून. कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांचे फोटो — कोणी पुण्याला ट्रेनिंगवर, कोणी हैदराबादला इंटरव्ह्यूला. मी अंगठा दाबून दिला सगळ्यांना. मला कोणी विचारलं नाही, तू कसा आहेस.

वर्ष झालं त्या तोंडी परीक्षेला, वायव्हाला. सर हसत म्हणाले होते, "रिज़र्वेशन के कोटे से आए हो, तो कम से कम रटकर ही आ जाते." मी फाइल टेबलावर आपटली अन् निघालो, ते आजवर परत गेलो नाही. अपर्णानं जिन्यात गाठलं. "माफी मागून टाक, प्रशिक, वर्ष वाचेल." मी म्हणालो, "तुमच्यासारख्यांना सोपं असते माफी मागणं." तिचा चेहरा! तेव्हापासून बोलणं बंद.

फाइलचं मला आजही काही वाटत नाही. पुन्हा आपटीन! पण जिन्यातलं ते वाक्य...

बाबा कॉलेजचा विषयच काढत नाहीत. माझ्याशीच बोलत नाहीत म्हणा. जेवताना ताट उचलून टीव्हीकडे तोंड करून बसतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बोलली!!

मी फाटकाशी स्कूटी काढून राहिलो होतो. मागून आली. "प्रशिक." मी हेल्मेट हातातच धरून उभा. "गंधालीला पास कर रे," म्हणाली. "ती गेली तर या घरात मला कोण आहे? दादा ओरडतो, आई रडते. रात्री मी तिच्याच खोलीत झोपते, माहितीये?"

मी विचारलं, "तू कशी आहेस?"

"पास कर तिला," एवढंच म्हणाली. पण जाताना वळून बोलली — "चांगलं शिकवतोस. मी ऐकते आतून."

ऐकते! म्हणजे चार्जर, पाणी, रिमोट, सगळं... नाही. काही धरू नकोस मनात. पण ऐकते!

२० नोव्हेंबर, गुरुवार

दशांश. ०.४ मोठा की ०.३५? गंधाली म्हणे, ०.३५. ठीक. सगळ्याच पोरांना वाटतं, पस्तीस चारपेक्षा मोठे. फुटपट्टी दाखवली. चारच्या रेघेवर बोट ठेवलं, मग साडेतीनवर. "आया समझ में?" "हाँ भैया." पुन्हा विचारलं. पुन्हा चूक!

ओरडलो तिच्यावर. मग वाईट वाटलं. काकूंनी गरम चीला, म्हणजे धिरडंच, आणून ठेवला, "आधी खा, मग ओरड." गंधालीनं तिच्या चील्याचे चार सारखे तुकडे केले. इतके सारखे, की मी पाहतच राहिलो. त्यातला एक माझ्या ताटलीत टाकला. "पच्चीस परसेंट आपका, भैया."

अन् हीच पोरगी वहीत लिहिते की चौथा हिस्सा म्हणजे चार टक्के!

२७ नोव्हेंबर

तेच. चूक, चूक, चूक. घसा बसला.

६ डिसेंबर, शनिवार

आज शिकवणीला सुट्टी मागितली. आईबाबांसोबत बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी गेलो. मेणबत्त्या, पांढरे कपडे, गर्दी. बाबांचे रेल्वेतले जुने दोस्त हरिदासकाका भेटले. "काय करून राहिला आजकाल, पोट्टा?" बाबा दुसरीकडे पाहू लागले. मी म्हणालो, "शिकवतो. गणित."

पहिल्यांदा ते सांगताना मान खाली गेली नाही. काका म्हणाले, "वा! मास्तर झाला म्हन की!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरी येताना स्कूटीवर माझ्या मागे बसले अन् खांद्यावर हात ठेवला. तोल सावरायला असेल. तरी.

९ डिसेंबर, मंगळवार

छमाही सोमवारी. आज नवी युक्ती. आकडेमोडच नको म्हटलं, फक्त बरोबर की चूक ते सांग. वीस वाक्यं लिहून नेली. 'अर्धा म्हणजे पन्नास टक्के.' '०.३५ हा ०.४ पेक्षा मोठा.' '०.६२ हा ०.५ पेक्षा मोठा.' 'शंभरात दहा टक्के वाढवले अन् आलेल्यातून दहा टक्के कमी केले, तर पुन्हा शंभर.' असंच. म्हटलं, अंदाजे ठोकून बी काही तर येतीलच, तिला जरा हुरूप येईल.

एक बी आलं नाही. वीसच्या वीस चूक! कागद खिशात कोंबून आलो.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी छतावर उन्हात तो कागद पुन्हा काढला. चहा निवून गेला.

नाणं उडवून लिहिलं असतं तरी अर्धी बरोबर आली असती!

अन् हे पहा. जिला वाटतं की जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या, ती ०.३५ ला ०.४ पेक्षा मोठं म्हणेल. कबूल. पण मग तिनं ०.६२ ला बी ०.५ पेक्षा मोठं म्हणायला पायजे — चुकीच्या कारणानं का होईना, उत्तर बरोबर येईल. हिचं तिथंही चूक. ज्याला येत नाही, त्याचं कुठं ना कुठं बरोबर येऊनच जातं. एकूण एक चुकवायचं असेल, तर आधी एकूण एक बरोबर उत्तर माहीत पायजे.

पोट्टीला सगळं येतं!

महिनाभर मी पट्ट्या कापतो, घसा फोडतो, अन् ही...! उद्या दाखवतो तिला.

११ डिसेंबर, गुरुवार

कागद तिच्यासमोर आपटला. "मले येडा समजते का?" इतक्या जोरात, की काकू धावत आल्या. "काय रे, काय झालं?" गंधाली पांढरीफटक. मी म्हणालो, "काही नाही, काकू. पाढे."

काकू गेल्या. मी आवाज खाली केला. "तुले सगळं येते. काहून चुकवून राहिली?"

बोटं तोंडात गेली. मग नखं खात खात — "पापा कब से बोल रहे हैं ना, फेल हुई तो मम्मी के पास भेजेंगे."

"तर मग माग ना सरळ! सांग पप्पाला, आईकडं जायचं आहे."

"एक बार बोला था. पापा ने तीन संडे फोन नहीं लगाने दिया." अन् मग मोठ्या माणसासारखं बोलली, "मांगूँगी तो कभी नहीं भेजेंगे, भैया. ग़ुस्से में ही भेजेंगे."

 मी उगाच वही चाळत बसलो. गणित तिला वहिनींनीच शिकवलं म्हणे, लहानपणी, स्वयंपाक करता करता. चील्याचे तुकडे करून. मोठी होऊन गणितच शिकणार म्हणते. मी विचारलं, "अपर्णाआत्याला माहीत आहे?" मान हलवली, नाही. "बुआ रोएगी. बुआ को मत बोलना. आप किसी को मत बोलना, भैया. प्लीज."

मी हो म्हणालो नाही. नाही बी म्हणालो नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

परीक्षेआधीची शेवटची शिकवणी. दार लावून घेतलं अन् तिला म्हणालो, आज खरी उत्तरं दे. फक्त मला. कठीणातली कठीण उदाहरणं घातली. सटासट! अर्धी तोंडी. मी इतक्या दिवसांत कोणासोबत इतका हसलो नव्हतो. माझी पहिली विद्यार्थिनी, अन् काय पोरगी आहे! पण हे सांगू कोणाला?

निघताना अपर्णानं पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. हातात! "होईल ना पास?" तिनं विचारलं. डोळ्यांखाली काळं झालंय तिच्या.

"होईल," म्हणालो. खोटं बोललो की खरं, माझं मलाच माहीत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

आज तिचा पेपर. सदर बाजारात आईचं काम होतं, गेलो, अन् काय आणायचं तेच विसरून आलो. आईनं शिव्या घातल्या.

पोट्टी सोडवत असेल की चुकवत असेल?

२१ डिसेंबर, रविवार

काकूंचा फोन. फेल. भयानक फेल. आवाज रडका. "भार्गव म्हणतो, मंगळवारी तुला एकदा विचारतो, अन् मग काय ते ठरवतो. तू सांग रे त्याला काहीतरी चांगलं."

सांगतो ना! काहून नाही सांगू? हिला सगळं येतं, भैया, मुद्दाम चुकवलं हिनं. आत्ता बसवा समोर, पाहा. तो वीस वाक्यांचा कागद आहे माझ्याजवळ, पुरावा. शिक्षक नापास नाही, हे तर कळू दे सगळ्यांना. दहावीपर्यंतचा शब्द दिला आहे त्यांनी. अपर्णा एकटी पडणार नाही. वळून पाहील. काय सांगावं, बोलेलसुद्धा.

तिच्या आईला काय, पोरगी दहावीनंतर बी भेटेल.

सांगतोच मंगळवारी. ठरलं.

सकाळपासून पोटात काही गेलं नाही. ते आपलं असंच.

२३ डिसेंबर, मंगळवार

भैयांनी पेपर समोर टाकला. "मला फक्त खरं सांग. पोरीला येतं की नाही?" अपर्णा दारात उभी होती. गंधालीनं माझ्याकडे पाहिलं, अन् मग खाली.

मी म्हणालो, "नाही येत, भैया. मले शिकवता नाही आलं. धाडा तिले नागपूरला."